साडेसहाशेचा बोर्ड आणि गावातलं पार्टचं दुकान

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात राहणारे, नोकरी सांभाळून इलेक्ट्रॉनिक्सचा छंद जपणारे एक गृहस्थ विचारतात: ईएसपी ३२ चा बोर्ड (वाय-फाय असलेला, प्रोग्रॅम चढवता येणारा छोटा कंट्रोलर) ऑनलाइन ३८० रुपयांना मिळतो, तसाच गावातल्या दुकानात ६५० ला. दुकानाचे काका चांगले आहेत, विचारलं तर वेळ देतात, त्यांचं दुकान बंद पडू नये असं मनापासून वाटतं. मग जास्त पैसे मोजून तिथूनच घ्यावं, की हा नुसता भाबडेपणा?

उत्तर आधी सांगतो, कारणं मग. बोर्ड ऑनलाइन घेतलात तर काकांचं फारसं बिघडत नाही. बोर्डाभोवती लागणारं बाकीचं सगळं, म्हणजे रेझिस्टर, कंडेन्सर, कनेक्टर, वायर, सोल्डर, रिले, फ्यूज, हेही तिकडून मागवायला लागलात की बिघडतं. आणि बरीच भली माणसं नेमकं उलटं करतात. वर्षातून एकदा मोठी वस्तू दुकानातून जादा पैसे देऊन घेतात, मनाला बरं वाटतं, आणि मग वर्षभर शंभर-शंभर रेझिस्टरांची पाकिटं आणि जंपर वायरींचे जुडगे कुरिअरने घरी येत राहतात.

मी काही वर्षं पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या एका पार्टच्या दुकानात काउंटरच्या आत उभा होतो. त्यानंतर दुरुस्तीचं बेंच टाकलं, म्हणजे काउंटरच्या बाहेर आलो. त्यामुळे गिऱ्हाइकाची चिडचिड आणि गल्ल्यावर बसलेल्याची चिडचिड, दोन्ही मला ठाऊक आहेत.

आता तुमच्या बोर्डाचा हिशेब मांडू. ऑनलाइनचे ३८० हे नुसत्या बोर्डाचे. कुरिअरचे साठ-सत्तर त्यात नाहीत. ते वाचवायचे म्हणून आपण आणखी पाचशेचं काहीबाही मागवतो आणि त्यातली निम्मी पाकिटं वर्षभर फोडतही नाही, ते सोडा. म्हणजे खरी तुलना साधारण साडेचारशे आणि साडेसहाशेची. वरचे दोनशे काका सरळ खिशात घालतात असं वाटत असेल तर तसं नाही. ईएसपी ३२ ही शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची चिप, २०१६ साली आली. तिच्याभोवतीचे हे बोर्ड मात्र चीनमधले कितीतरी कारखाने बनवतात, आणि आपल्याकडे येणारा बराच माल शेनझेनच्या बाजारातून निघतो. ऑनलाइनचा मोठा विक्रेता तो हजारांनी उतरवतो. काका मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून दहा आणतात. त्या दहांचा भाव, वर अठरा टक्के जीएसटी, पार्सलचा खर्च, सगळं धरून तोच बोर्ड त्यांना दुकानात येईपर्यंत सव्वाचारशे-साडेचारशेला पडत असेल तर मला नवल वाटणार नाही. म्हणजे तुम्ही ज्या भावाला घरपोच घेता, त्या भावाला त्यांना तो खरेदीच पडतो.

शिवाय दहांतला एखादा मेलेला निघतो. तो परत पाठवण्याचा खर्च आणि भांडण बोर्डाच्या किमतीहून मोठं, म्हणून तो तसाच खणात पडतो. तोवर बाजारात त्याच चिपचे एस-थ्री आणि सी-थ्री हे नवे अवतार येतात, टाइप-सी सॉकेटचे बोर्ड येतात, आणि जुन्या मायक्रो-यूएसबीच्या बोर्डाकडे कॉलेजची पोरं ढुंकूनही बघत नाहीत. बोर्डावर दुकानदार कमावतो थोडं आणि अडकतो फार. तरी ठेवावा लागतो, कारण तो नसला तर गिऱ्हाईक दुकानात शिरतच नाही.

रेझिस्टरचं गणित याच्या अगदी उलट. पाव वॅटचा कार्बन रेझिस्टर घाऊकात घेतला तर काही पैशांना पडतो आणि सुटा रुपयाला जातो. टक्क्यांत पाहिलं तर डोळे विस्फारतील. पण तो एक रुपया कशाकशाचा आहे ते पाहा. नेहमीच्या ई-१२ मालिकेत दर दशकाला बारा किमती येतात. १ ओहमपासून १ मेगओहमपर्यंत सहा दशकं, म्हणजे एकूण ७३ किमती. ७३ खण फक्त पाव वॅटचे. मग अर्धा वॅट, एक वॅट, पाच वॅटचे ते पांढरे सिरॅमिकचे. कंडेन्सर तर मूल्यानुसार वेगळे आणि व्होल्टेजनुसार आणखी वेगळे. रेझिस्टरांतले रोज मागितले जातात ते २२०, ३३०, १ के (के म्हणजे हजार ओहम), ४.७ के, १० के, १०० के एवढेच. ५६० के चा खण वर्षातून एखाद्या वेळी उघडतो. पण ज्या दिवशी तुमच्या बंद पडलेल्या ॲम्प्लिफायरला नेमका ५६० के लागतो आणि संध्याकाळी सात वाजता तो हातात पडतो, त्या दिवशी तुम्ही जो रुपया देता तो त्या रेझिस्टरचा नसतो. इतकी वर्षं तो खण भरून ठेवल्याचं ते भाडं असतं. त्या मानाने ते फारच स्वस्त आहे, असं माझं मत.

अडचण एकच, ती म्हणजे वेळ. पाच रुपयांचे पाच रेझिस्टर द्यायला दुकानातल्या माणसाला दहा मिनिटं लागली तर नफ्याचे टक्के चुलीत गेले. म्हणून दुकानाला जगवायचं असेल तर भाव वाढवून देण्याआधी एक सोपी गोष्ट करा: दुकानाला स्वस्तात पडणारं गिऱ्हाईक व्हा. घरून यादी लिहून न्या. मूल्य, वॅट किंवा व्होल्टेज, नग, एवढं असलं की पुरे. एक-एक न घेता दहा-दहा घ्या; दहा रुपयांनी तुमचं काही जात नाही आणि पुढच्या वेळची फेरी वाचते. सकाळी अकरा ते एक ही मेकॅनिक लोकांची वेळ. टीव्ही, इन्व्हर्टर, वेल्डिंग मशीन, इचलकरंजीच्या मागांची कंट्रोल कार्डं दुरुस्त करणारी माणसं तेव्हा येतात, त्यांना पार्ट घेऊन पळायचं असतं, आणि खरं सांगायचं तर दुकान त्यांच्यावर चालतं, आपल्या छंदावर नाही. तेव्हा काउंटरला टेकून आय-टू-सी (चिपांची एकमेकींशी बोलायची एक पद्धत) म्हणजे काय हे विचारू नका. दुपारी तीन-साडेतीनला जा. तेव्हा काका स्वतःच गप्पांना माणूस शोधत असतात.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये शक्यतो जाऊच नका. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्टवाले तेव्हा दुकान डोक्यावर घेतात.

आता सल्ल्याबद्दल. पैसे कुठे वसूल होतात ते इथे कळतं. नवीन माणसाचा बोर्ड संगणकाला लावल्यावर दिसत नाही ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता मी आधी केबल मागतो. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेल्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच, फक्त चार्जिंगच्या दोन. बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकाला काही कळत नाही. ऑनलाइन घेतलेला माणूस बोर्ड परत पाठवतो, दुसरा येतो, तोही तसाच, मग हा छंद आपल्या नशिबात नाही असं ठरवतो. पार्टच्या दुकानात केबल बदलून पाहायला अर्धं मिनिट लागतं.

दुसरं उदाहरण जरा खोलातलं. बारा व्होल्टच्या एलईडी पट्टीचा उजेड ईएसपी ३२ ने कमी-जास्त करायचा आहे, त्यासाठी मॉसफेट, म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर हवा. शोधल्यावर हमखास समोर येतो आयआरएफझेड ४४. स्वस्त आहे, दणकट आहे. पण त्याच्या डेटाशीटमधली कामगिरी गेटवर, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पिनवर, १० व्होल्ट धरून दिलेली असते आणि ईएसपी ३२ ची पिन देते ३.३. पट्टी मिणमिणते, मॉसफेट तापतो, आणि माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत रात्र घालवतो. जाणता दुकानदार एकच विचारतो, गेट कशाने चालवणार? मग एक तर ३.३ व्होल्टला नीट उघडणारा लॉजिक लेव्हलचा मॉसफेट काढून देतो, नाहीतर मध्ये बीसी ५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर टाकून गेटला बारा व्होल्ट कसे द्यायचे ते बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढून दाखवतो. त्या बीसी ५४७ चे दोन-तीन रुपये होतात. ती आकृती फुकट असते, आणि माझ्या लेखी सगळ्या खरेदीत तीच सर्वांत महाग वस्तू आहे.

म्हणून एका बाबतीत मी कडक आहे. दुकानात जायचं, काकांकडून सगळं समजून घ्यायचं, कोणता मॉसफेट, कोणता रिले, ट्रान्सफॉर्मर किती ॲम्पिअरचा, मग मोबाइलवर फोटो काढायचा आणि घरी येऊन मागवायचं, हे करू नका. ऑनलाइन घेणं गैर नाही. ज्याचं डोकं वापरलं त्याला पैसे न देणं गैर आहे. ज्या कामाचा सल्ला घेतला त्या कामाचा माल तिथूनच घ्यावा, मग तो शे-दीडशे रुपयांनी महाग का असेना. आणि ऑनलाइनच घ्यायचं आधीच ठरलं असेल तर सल्लाही नेटवरून घ्यावा. तिथे सल्ल्याला तोटा नाही.

खऱ्या-खोट्या मालाबद्दल दोन्हीकडचे लोक फार बोलतात. दुकानवाले म्हणतात ऑनलाइन सगळा डुप्लिकेट, ऑनलाइनवाले म्हणतात दुकानदार गंडवतो. दोघांचा माल बऱ्याचदा एकाच ठिकाणाहून येतो, त्यामुळे या वादात दम नाही. नकली चिप विकणाऱ्यालाही कित्येकदा ठाऊक नसतं की ती नकली आहे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआय या यूएसबी चिपा बनवणाऱ्या कंपनीचं नवं ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून आलं आणि त्याने नकली यूएसबी चिपांची ओळखच पुसून शून्य केली. जगभर लोकांचे चालते बोर्ड एका रात्रीत मुके झाले. ते बोर्ड विकणाऱ्या अनेकांनाही तेव्हाच कळलं की आपण काय विकत होतो. तेव्हा ‘ओरिजिनल आहे का?’ या प्रश्नापेक्षा ‘खराब निघाला तर इथेच बदलून मिळेल का?’ हा प्रश्न कामाचा.

इथे जवळच्या दुकानाचा फायदा आहे, पण तो तुम्ही घेतला तर. काउंटरवर लॅपटॉप असेल तर बोर्ड लावून घ्या, एलईडी लुकलुकवणारा प्रोग्रॅम चढवून घ्या. रिले मॉड्यूल असेल तर पाच व्होल्ट देऊन टक्-टक् ऐका. लिथियमचा १८६५० सेल घेत असाल तर वजन करा. चांगल्या कंपनीच्या सेलमध्ये फार तर साडेतीन हजार एमएएचच्या आसपास क्षमता बसते आणि तो पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम भरतो. ९९०० छापलेला सेल हातात घेतला की पिसासारखा लागतो. वाइंडिंगची तांब्याची तार वजनावर विकली जाते, त्यामुळे अशा बऱ्याच दुकानांत काटा असतोच. काका सेल काट्यावर ठेवायला का-कू करत असतील तर तो सेल घेऊ नका, मग ते कितीही भले असोत.

एवढं बोललो म्हणून प्रत्येक गावातलं दुकान पुण्यवान असतं असं समजू नका. मागितलेला पार्ट नसला की ‘हाच चालतो, घेऊन जा’ म्हणत खणात पडलेलं काहीतरी गळ्यात मारणारे आहेत. पंधरा वर्षं पडलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर नव्याच्या भावाने देणारे आहेत. असा कंडेन्सर लावल्यावर गळका निघू शकतो, एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर फुगूही शकतो. मुलगी काउंटरला आली की तिने मागितलेला आयसी द्यायच्या आधी ‘कुणी पाठवलंय का?’ विचारणारे तर मी भरपूर पाहिले. आमच्या रविवारच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गातल्या काही मुली केवळ एवढ्यासाठी ऑनलाइन घेतात, आणि मी त्यांना एका शब्दाने अडवत नाही. असल्या दुकानाला एक रुपयाही जादा देण्याचं कारण नाही. गावातलं आहे ही काही गुणवत्ता नव्हे.

बिलाचंही तसंच. ‘बिल नको असेल तर पन्नास कमी’ हा सौदा म्हणजे दुकानाला मदत, असा काही जणांचा समज असतो. मल्टिमीटर, सोल्डरिंग स्टेशन, पॉवर सप्लाय अशा वॉरंटीच्या वस्तूंवर पक्कं बिल घ्याच. चार महिन्यांनी ते बंद पडलं की त्या पन्नास रुपयांची किंमत कळते.

काही गोष्टींसाठी मात्र ऑनलाइनचा विचारही करू नये. ट्रान्सफॉर्मर ही पहिली. बारा-झीरो-बारा (मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा व्होल्ट देणारा), पाच ॲम्पिअरचा लोखंडी ठोकळा कुरिअरने मागवला की भाडं अंगावर येतं, आणि आलेला ठोकळा खरोखर पाच ॲम्पिअरचा आहे की तीनचा, हे पूर्ण लोड देऊन तापल्यावरच कळतं. तुम्ही तर कोल्हापुरात आहात. शिवाजी उद्यमनगराच्या आसपास मोटार आणि ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करणारी मंडळी आहेत. अठरा-झीरो-अठरा, मध्ये वेगळं नऊ व्होल्टचं टॅपिंग, असं सांगितलं तर गुंडाळून देतात. असा माणूस कोण, हे काकांनाच विचारा. छंदातल्या निम्म्या गोष्टी दुकानात मिळत नाहीत, पण दुकानामुळे मिळतात. दुसरी गोष्ट पीसीबीवरचं, म्हणजे सर्किटच्या पाटीवरचं, नको असलेलं तांबं विरघळवणारं फेरिक क्लोराइड. कुरिअरवाले ते घ्यायला नाराज, आणि पिशवी वाटेत फुटली तर बाकीच्या पार्सलांचं काय होईल याची कल्पना करा. तिसरी, जे हाताला कळतं ते: पोटेंशिओमीटर फिरवताना किती घट्ट लागतो, टॉगल स्विच खट्कन बसतो की लेचापेचा आहे, नॉब दांड्यावर बसतो का. फोटोत यातलं काहीच कळत नाही. मीटरवर विकली जाणारी वायर, हीट-श्रिंक स्लीव्ह, स्क्रू, स्पेसर, फ्यूज होल्डर हेही इथूनच.

याच्या उलट अचूक मोजमापाचे आयसी, वैद्यकीय किंवा औद्योगिक कामाचे सेन्सर, जिथे मूळ कंपनीचाच माल हवा, ते अधिकृत वितरकाकडून मागवा. माउझर, डिजी-की, एलिमेंट १४ अशांकडून माल कुठल्या बॅचचा ते कळतं. काकांकडे ते नसतं, त्यांनी ठेवावं अशी अपेक्षाही करू नये. तुमच्या छंदात याची गरज क्वचित पडेल.

मी स्वतः जादा पैसे आनंदाने कुठे देतो ते सांगतो. जुन्या रेडिओंच्या कामात. मर्फी, बुश, फिलिप्सचे संच अजून माझ्याकडे दुरुस्तीला येतात. आजोबांचा रेडिओ नातवाला पुन्हा ऐकायचा असतो. त्यात एसी १२८ किंवा एसी १८७-१८८ ची जर्मेनियम ट्रान्झिस्टरची जोडी लागते, वाल्व्हच्या सेटला ईएल ८४ लागतो. ऑनलाइन मिळतात, पण चालते की मेलेले, घासून नवा नंबर छापलेले की खरे, काही भरवसा नाही. पेठेतल्या एखाद्या जुन्या दुकानात मात्र माळ्यावर डबा असतो आणि तो कुठे आहे हे फक्त मालकाला माहीत असतं. तो डबा चाळीस वर्षांत विकला गेला नाही म्हणून फेकून दिला असता तर माझा धंदाच संपला असता. अशा मालाला तो जो भाव सांगेल तो मी देतो. घासाघीस करत नाही. त्याचे पैसे आणि जागा इतकी वर्षं अडकली होती, व्याज लावलं तर मी देतो ते कमीच.

पण नवीन बोर्ड हा असा माल नाही. तो सगळीकडे आहे आणि सगळीकडे सारखाच आहे. त्यावर कुठलंच छोटं दुकान जगणार नाही, तुम्ही ६५० द्या की ८५० द्या. उलट बोर्डांच्या आणि झगमगीत मालाच्या मागे लागून सुटे पार्ट आवरते घेतले की दुकानाचं काय होतं, याचं मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. रेडिओ शॅक, १९२१ साली बोस्टनमध्ये निघालेलं. एके काळी अमेरिकेतल्या छंदी माणसाला रेझिस्टर हवा असला की तो तिथे जायचा. पुढे त्यांनी पार्टांचे खण कमी-कमी करत मोबाइल फोन आणि त्यांचे करार विकायला घेतले. मोबाइल विकणारी दुकानं इतर हजार होती. आपलं जे होतं ते सुटलं, दुसऱ्याच्या धंद्यात जम बसला नाही, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. दोन वर्षांनी पुन्हा एकदा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे भडकमकर मार्गावर, आज फिरलात तर सीसीटीव्ही, लॅपटॉपचे अडॅप्टर, राउटर यांच्याच पाट्या डोळ्यांत भरतात. सुट्या पार्टांची दुकानं आहेत, पण ती आता शोधावी लागतात. खणांकडे गिऱ्हाईक यायचं थांबलं की मालक खण काढतो आणि तिथे मोबाइलची कव्हरं टांगतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅबमुळे (मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहायच्या सरकारी योजनेतल्या प्रयोगशाळा) छोट्या दुकानांचं भलं होईल असं मला सुरुवातीला वाटलं होतं. २०१६ पासून ही योजना आहे, शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पण मोठी खरेदी सरकारी पोर्टलवरून किंवा एकगठ्ठा किट पुरवणाऱ्याकडून होते. काकांकडे मुलं येतात ती किटमधले जंपर वायर तुटल्यावर आणि नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या संपल्यावर. तरी तेही बरं. ओळखीचे शिक्षक असतील तर एवढं सुचवा की वर्षभराचा हा किरकोळ माल गावातून घ्यावा. ती रक्कम शाळेला छोटी, दुकानाला मोठी.

आता भाव कसा ठरवायचा. शंभर रुपयांच्या आतल्या वस्तूला मी मोबाइल काढून भाव बघतच नाही. त्यात वाचणारे पैसे बघण्यात जाणाऱ्या वेळेच्या लायकीचे नसतात. शंभर ते हजारमधल्या वस्तूला, कुरिअर धरून, वीस-पंचवीस टक्के जास्त पडत असतील तर दुकानातून घेतो. लगेच मिळण्याचे आणि बदलून मिळण्याचे ते पैसे. त्याहून जास्त फरक असेल तर बोलतो. बोलण्याचीही रीत आहे. मोबाइलचा पडदा काकांच्या नाकासमोर धरून ‘हे बघा, ३८० ला आहे’ म्हणू नका. त्या भावात त्यांना खरेदीही मिळत नाही, आणि तो आकडा चारचौघांत दाखवला की माणूस दुखावतो. ‘काका, मला हा पाचशेच्या आसपास परवडेल, तुम्हाला जमेल का?’ असं एकदा विचारा. जमलं तर घ्या. नाही जमलं तर ‘बरं, बोर्ड मी मागवतो, बाकीची यादी ही घ्या’ असं सरळ सांगा. लपवायचं काय त्यात? चार दिवसांनी तुम्ही ऑनलाइनचाच बोर्ड पिशवीत घेऊन त्यांच्याकडे कनेक्टर शोधायला जाणारच आहात.

हजाराच्या वरच्या वस्तूंना एकच नियम लावता येत नाही. चांगला मल्टिमीटर घ्यायचा तर मी दुरुस्ती कुठे होते ते बघतो, भाव नंतर. आणि तो पिवळा, दोन-अडीचशेचा मल्टिमीटर कुठूनही घेतलात तरी घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवर वापरू नका; अशा बऱ्याच मीटरांत दहा ॲम्पिअरच्या रेंजला फ्यूज नसतो. विषयांतर झालं, पण राहवत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक वाट आहे. काका दहा बोर्ड आणतात आणि ते वर्षभर खपतील की नाही या धास्तीने भाव चढा ठेवतात. कोल्हापुरात तुमच्यासारखे छंदी लोक आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. पाच-सहा जण मिळून पंधरा बोर्ड लागणार असतील तर तसं काकांना सांगा आणि निम्मे पैसे आधी द्या. ॲडव्हान्स हातात असला की घाऊक व्यापाऱ्याशी बोलण्याची त्यांची भाषा बदलते, माल पडून राहायची भीती नसते, आणि कमी मार्जिनवरही ते खुशीने आणून देतात. मी काउंटरला होतो तेव्हा अशा ऑर्डरीवर आम्ही बोर्डामागे पन्नास-साठ रुपये सुटले तरी समाधानी असायचो. त्या हिशेबाने तुम्हाला तो पाचशेच्या आसपास पडेल. मागवताना टाइप-सी सॉकेटचा सांगा. आणि बोर्डाची रुंदी विचारून घ्या: काही बोर्ड इतके रुंद असतात की ब्रेडबोर्डावर (सोल्डर न करता पार्ट खोचायच्या भोकांच्या पाटीवर) बसवल्यावर बाजूला वायर खोचायला भोकच उरत नाही, मग दोन ब्रेडबोर्ड जोडून वापरावे लागतात. ब्रेडबोर्ड काकांकडे मिळतील.